शर्फुद्दीनचं नाक

माझे सासरे मुसा मुकादम माणसाचं खानदान नाकावरून ओळखत. सून बघायला गेले तर आधी नाक, मग नमाज आणि मग स्वयंपाक. माझं नाक त्यांनी 'चालंल' म्हणून कसंबसं पास केलं होतं, आणि ते 'चालंल' मी आजतागायत विसरलेले नाही. आमचं घर रत्नागिरीजवळ, खाडीच्या अंगाला. सासऱ्यांना आम्ही बावा म्हणायचो; बावा सांगायचे, आपले पूर्वज बसऱ्याहून गलबतातून आले, आपण अरब. उभी हयात गलबतांवर आणि आंब्याच्या कलमांत काढलेले बावा आमच्या भाकरीच्या तव्याइतके काळे होते, पण ते म्हणत, मी उन्हानं रापलोय. आमच्या मोहल्ल्यात सगळेच रापलेले होते. काळं कुणीच नव्हतं.

काळी होती ती फक्त उमैमा.

उमैमा बावांच्या धाकट्या मुलाची, उमेरची पोर. उमेर मोंबासाला एका दुकानात नोकरीला गेला, तिथल्याच मुलीशी त्यानं निकाह लावला आणि घरी कळवायचं धाडस होईपर्यंत त्याची मुलगी शाळेत जायला लागली होती. मग त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि वर्षभरात तोही तापानं गेला. २००२ च्या दिवाळीत तिकडच्या एका कच्छी शेजाऱ्यानं पोरीला मुंबईला आणून आमच्या हवाली केलं. चौथीतली पोर, बांबूसारखी उंच, आणि केस इतके घट्ट कुरळे की माझा कंगवा पहिल्याच दिवशी मोडला. मी तिला गावातल्या मराठी शाळेत घातलं. दोन महिन्यांत ती पाढे शिकली, शिव्या शिकली आणि शेजारच्या पोरांना झाडावर चढून चिंचा पाडून द्यायला लागली. मला ती पोर फार आवडायची. माझ्या स्वतःच्या दोघांपेक्षा ती जास्त ऐकायची, हेही एक कारण असेल.

बावांनी तिला ओटीवर उभं करून एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "हिच्यात आमचा रगत दिसत नाय." रागानं नव्हे. कालवणात मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या सहज.

पण घरात बावांचा शब्द म्हणजे शब्द. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की कलई केलेला मोठा थाळा ओटीवर मांडायचा आणि बावांसोबत घरातल्या रक्ताच्या माणसांनी त्या एका थाळ्यात जेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माझी दोन्ही मुलं त्यात जेवत. उमैमा माझ्याबरोबर स्वयंपाकघरात. आणि जानेवारीअखेर घाटावरच्या एका यतीमखान्याचा, म्हणजे अनाथाश्रमाचा, माणूस येऊन तिला घेऊन जाणार, असं बावांनी ठरवून टाकलं होतं. मी भांडले, रडले, दोनदा मुद्दाम भात करपवला. माझा नवरा मुझम्मिल कुवेतला, तो फोनवर म्हणायचा, "बावा म्हणतात तसं कर." कुवेतहून असं म्हणायला काय जातं?

त्याच जानेवारीत आमच्या दारात एक टॅक्सी थांबली. रत्नागिरी स्टेशनावरून आलेली. आतून सत्तरीची एक बाई उतरली. लांब कोट, पायात पळायचे बूट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. म्हणाली, "मी जन्नत मुकादम. केपटाऊनसून आयली. माजा आजा ह्या घरातला शर्फुद्दीन मुकादम म्हून तिकडं मशूर व्हता. मना यक निरोप..."

तिचं वाक्य बावांनी पुरं होऊ दिलं नाही. ते ओटीवरून जवळजवळ उडी मारून उतरले. गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे.

"नाक बगा!" ते ओरडले. "अरे, सगळ्यांनी नाक बगा! आमच्या शर्फुद्दीनचा नाक!"

आता शर्फुद्दीन म्हणजे बावांच्या आजोबांचा धाकटा भाऊ. शंभर वर्षांपूर्वी आगबोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आला नाही. त्याचं नाव दर फातेहाच्या दुआत घेतलं जायचं, पण जिवंतांत धरून की मेलेल्यांत, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो गेला तेव्हा बावांचे वडीलसुद्धा रांगत होते. म्हणजे शर्फुद्दीनचं नाक बावांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या बाईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग तीही रडायला लागली. तिचा निरोप राहूनच गेला.

आठवडाभर आमच्या घरात ईद होती. जन्नतफुपू, म्हणजे आमच्या या नव्या आत्या, बोलायच्या ती आमचीच बोली, पण शंभर वर्षं बरणीत घालून ठेवल्यासारखी. आम्ही विसरलेले शब्द त्यांच्या तोंडी ताजे होते. मोहल्ल्यातल्या बायका नुसतं ऐकायला यायच्या आणि हसून हसून पदर तोंडाला लावायच्या. बावा त्यांना घरोघर मिरवत होते. फुपूंची चाल आमची, हसणं आमचं, जेवताना आधी कांद्याला हात घालणं आमचं. एकदा फुपू शिंकल्या तर बावा म्हणाले, "अगदी माजा बाप!"

बाई होतीच तशी. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही, आणि सगळ्या जगाचं हसू येतं अशी नजर. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उमैमाला मांडीशी घेऊन तिच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घातल्या, डोक्यालगत, शेताच्या सरींसारख्या. दोन महिने ज्या केसांशी मी कुस्ती खेळत होते ते केस तासाभरात गप्प बसले. "कुणी शिकवलं, फुपू?" मी विचारलं.

"माजे धाकटे भैनीचे केस असंच व्हते," त्या म्हणाल्या. पोर कोण, कुणाची, जेवायला स्वयंपाकघरात का बसते आणि आता तिला कुठे पाठवणार आहेत, हे मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. त्यांनी कुठला वार म्हणालीस, एवढंच विचारलं. मी म्हटलं, शनिवारी माणूस येणार.

बुधवारी संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात सगळे बसलो होतो. फुपूंनी उमैमाच्या दप्तरातून पेन्सिल मागून घेतली आणि म्हणाल्या, "चला, आज मी सायेब. वळीनं बसा. तुमी कोन ता मी ठरवते."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या देशात सरकारनं माणसांची वाटणी केली होती: गोरे, काळे, मिश्र म्हणजे 'कलर्ड', हिंदी, मलायी. ज्याचा ज्याचा वंश त्याची त्याची वस्ती, त्याची त्याची शाळा, बसायचं बाकडंसुद्धा वेगळं. आणि एखाद्याचा वंश कळेना तर साहेब नाक बघायचा, नखं बघायचा, आणि केसात पेन्सिल खोचायचा. पेन्सिल खाली पडली तर एक वंश, अडकून राहिली तर दुसरा.

"आमी तिगा भावंडा. यक आई, यक बाप," फुपू म्हणाल्या. "सायबानं मना मलाय लिवला. मोट्या भावाला इंडियन. धाकटीच्या केसात पेन्सिल ऱ्हायली, ती कलर्ड. तिगांना तीन वस्त्या. माजी आई मरंस्तवर तीन मोहल्ल्यांत डबे पोचवत व्हती."

"मंग खरा काय व्हता?" माझ्या मोठ्या मुलानं विचारलं.

"तिगांच्या डब्यान मासली यकच व्हती," फुपू म्हणाल्या. "आमचे गल्लीत यक न्हावी व्हता. त्यानं अर्ज केला, मना दुसरे वंशात घाला. मंजूर झाला. राती काळा झोपला, सकाळी कलर्ड उटला. दाडी आपली पयल्यासारकीच करायचा."

आम्ही हसलो. मग खेळ सुरू झाला. माझ्या केसांतून पेन्सिल सरळ घसरली आणि मी, बोंबील साफ करून हाताला वास येणारी अमरीन, बसल्या जागी गोरी मडम झाले. माझे दोन्ही मुलगेही गोरे. बावांना मजा वाटत होती. अरबांचं काय होतं हे जगाला दिसावं म्हणून त्यांनी आपण होऊन टोपी काढली. त्यांचे मेंदी लावलेले केस दाट, आणि मुळापासून कुरळे. फुपूंनी पेन्सिल खोचली. आम्ही सगळे पुढे झुकलो. पेन्सिल हलली नाही.

"डोका हलवा, मुसाभाय."

बावांनी डोकं हलवलं. जोरात हलवलं. पेन्सिल झेंड्यासारखी उभी.

उमैमा इतकी हसली की खळ्यात लोळायला लागली. मग तिनं उठून बावांच्या डोक्यातली पेन्सिल काढली, स्वतःच्या वेण्यांत खोचली आणि त्यांच्या शेजारी जाऊन ताठ उभी राहिली. सायबाच्या हिशेबानं सगळ्या घरात ही दोघंच एका वस्तीतली. मी बावांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

"केसाला तेल नाय लावला आज," बावा म्हणाले आणि टोपी घालून मशिदीकडे चालते झाले. मी तिथेच हात टेकले.

शुक्रवार आला. शनिवारी यतीमखान्याचा माणूस येणार म्हणून बावांनी मला सकाळीच बजावलं, पोरीची पेटी भरून ठेव. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, कालवणाचं वाटप वाटत बसले. वाटप त्या दिवशी गंधासारखं बारीक झालं. नमाज झाली, ओटीवर थाळा मांडला. भात, सुरमईचं कालवण, तळलेली कोळंबी. बावांच्या उजव्या हाताला फुपूंची जागा, आठवडाभर जशी होती तशी. मी वाढत होते. उमैमा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताटली घेऊन बसली होती.

फुपूंनी पहिला घास घेतला नाही. म्हणाल्या, "मुसाभाय, दारान उतरली तवा मी यक निरोप आनला व्हता. तुमी बोलू दिला नाय. मंग माजीच जीब उचलंना. आज सांगते. रागावलाव तर रागवा."

आणि त्यांनी सांगितलं.

शर्फुद्दीन मुकादम केपटाऊनला पोचलाच नव्हता. वाटेत आगबोटीवर पटकी झाली आणि तो गेला. त्याच बोटीवर त्याचा जिवाभावाचा दोस्त होता, आपल्याच कोकणातल्या बुरोंडी गावचा गंगाराम, मासेमाऱ्याचा मुलगा. शर्फुद्दीनला केपटाऊनमध्ये एका कोकणी व्यापाऱ्याकडे नोकरी ठरलेली होती. गंगारामला बंदरात उतरायचीही परवानगी नव्हती. मरताना शर्फुद्दीननंच त्याला सांगितलं, माझं नाव घे आणि उतर. गंगाराम उतरला तो शर्फुद्दीन मुकादम होऊन. पुढे मनापासून मुसलमान झाला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, आणि मरताना आपल्या नातीला, म्हणजे आमच्या फुपूंना, जवळ बोलावून म्हणाला: कधी जाशील तर त्या घरी सांग. तुमचा माणूस माझ्या मांडीवर गेला. त्याची नमाज झाली. त्याच्या नावाला मी बट्टा लावला नाही.

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली.

"म्हंजे मी तुमची कोन नाय," फुपू म्हणाल्या. "माज्या अंगान तुमच्या रगताचा थेंब नाय. आठवडाभर तुमाला माज्या तोंडावर शर्फुद्दीन दिसत व्हता. तुमी खोटा बोलत नवतं, मुसाभाय. तुमाला खरंच दिसत व्हता. आमच्या सायबाला माज्या ह्याच नाकान मलाय दिसला, तोबी खोटा बोलत नवता. माजा नाक आपल्या जागंवरच हाय, त्यानं कायसुदा केला नाय. बगनाऱ्यानं आदी ठरवला, मंग त्याला दिसला."

मग म्हणाल्या, "मना हय कुनी आपली म्हनला, ता सत्तर वर्सांत पयल्यांदा. लय बरा वाटला. म्हून गप ऱ्हायली. पन ह्या घराचा कायदा मना ठाव हाय. ह्या थाळ्यात रगताचा मानूस जेवतो."

एवढं बोलून त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. थाळ्यातला आपल्यापुढचा भात त्यांनी एका ताटलीत काढून घेतला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि उमैमाच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मांडीला मांडी लावून. आणि जेवायला लागल्या.

मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली आहेत. वादळात होडी घालणारी पाहिली, भर पंचायतीत सरपंचाला खोटं पाडणारी बाई पाहिली. पण आपलं म्हणून मिळालेलं एकुलतं एक घर, आपल्या हातानं, एका परक्या पोरीसाठी असं परत देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या गप्प राहिल्या असत्या तर जन्मभर बावांची बहीण होऊन राहिल्या असत्या. कुणाला कळणार होतं?

बावांनी थाळा दूर सारला. मला वाटलं आता स्फोट होणार. पण त्यांनी विचारलं ते भलतंच.

"पानी कुटचा व्हता?" ते म्हणाले. "शर्फुद्दीनला सोडला ता पानी कुटचा?"

"जंजिबारच्या पुडं," स्वयंपाकघरातून फुपू म्हणाल्या. "आजा सांगायचा, समुद्र यकदम गप व्हता त्या दिसा."

बावा न जेवता उठले. दुपारभर मशिदीत बसले. रात्री आले, पाणी प्यायले आणि झोपले. फुपूंनी बॅग भरली. सकाळी टॅक्सी बोलावली होती, बुरोंडीला जाण्यासाठी. गंगारामच्या घरचं कुणी उरलं असलं तर बघू, म्हणाल्या. मला रात्रभर झोप नव्हती. घर उजाड झाल्यासारखं वाटत होतं, आणि उद्या तर दोघी जाणार होत्या. उमैमाची पेटी मी भरलीच नव्हती. माझ्यात तेवढंच बळ होतं.

सकाळी टॅक्सी आली. फुपूंनी मला मिठी मारली, उमैमाच्या कपाळाचा मुका घेतला आणि निघाल्या. तेवढ्यात बावा आतून आले. ईदची शेरवानी, नवी टोपी, हातात काठी. आम्ही सगळे बघत राहिलो. ते टॅक्सीच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"तुज्या आज्यानं आमचा नाव पन्नास वर्सा संबाळला," ते फुपूंना म्हणाले. "आमच्या मानसाला मांडीवर घेतला. आमच्या रगताच्या मानसांतला यकबी थय नवता. तो व्हता." त्यांनी काठी आपटली. "आता तो नाव तुजाच. बुरोंडीचा रस्ता तुला ठाव नाय. मी येतंय."

"मुसाभाय, माजा नाक..."

"नाक गेला खड्ड्यान," बावा म्हणाले. माझ्या सासऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी जिवंत होते, याबद्दल मी अल्लाचे आजही आभार मानते.

फुपू हसत होत्या आणि रडतही होत्या. आणि त्याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. यतीमखान्याचा माणूस उतरला, पांढरे कपडे, काखेत फाईल. सभ्य होता बिचारा. सलाम करून म्हणाला, "मुलगी तयार आहे ना? एसटी चुकायला नको." उमैमा माझ्यामागे सरकली आणि माझी ओढणी तिनं दोन्ही मुठींत धरली.

बावांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. नाकाकडे नाही, केसांकडे नाही. माणूस माणसाकडे बघतो तसं, बराच वेळ. मग त्यांनी टॅक्सीचं दार उघडलं आणि तिला हाताची खूण केली. ती मला सोडीना. तेव्हा बावा स्वतः चार पावलं परत आले, तिच्या मुठी त्यांनी हलकेच सोडवल्या आणि तिला नेऊन फुपूंच्या शेजारी बसवलं.

"अहो, पण ती यतीम मुलगी...?" माणसानं विचारलं.

"च्या पिवन जावा," बावा टॅक्सीत बसता बसता म्हणाले. "हय कोन यतीम नाय. तिचा आजा जिता हाय."